दारावरचा आकडा आणि बदललेलं चाक

मुंबईत कुर्ल्याहून कालिन्याकडे जाताना सीएसटी रोडच्या दोन्ही बाजूंना गाड्या नटवणाऱ्यांची दुकानं लागतात. सीट कव्हरं, काचांच्या फिल्म, दिवे, म्युझिक सिस्टीम आणि भिंतींवर ओळीनं टांगलेली अलॉय व्हील. पुण्यात, नाशकात, नागपुरात हेच चित्र कमी-अधिक प्रमाणात दिसतं. इथं येणारं गिऱ्हाईक बहुधा तरुण असतं, गाडी त्याची पहिली असते आणि त्याला तिची चाकं मोठी हवी असतात. पंधरा इंची उतरवायची, सोळा किंवा सतरा इंची चढवायची. रंग, डिझाइन आणि भाव यांवर बराच खल होतो. चाक मडगार्डला घासणार नाही ना, नटांची भोकं जुळतात ना, ऑफसेट किती, हेही विचारलं जातं. मग बॅलन्सिंग होतं, गाडी जॅकवरून खाली येते आणि हवा भरणारा पोरगा विचारतो, "किती मारू?" कुणीतरी सांगतं, "बत्तीस. चारीला बत्तीस."

हे बत्तीस आलं कुठून? पंधरा इंची चाकाला बत्तीस होतं म्हणून सतरालाही बत्तीस, एवढंच त्यामागचं कारण. चाक बदलण्याच्या या सगळ्या व्यवहारात जिवाशी सर्वांत थेट गाठ असलेला आकडा हाच, आणि नेमका तोच सवयीवर सोडला जातो. खरं तर तो काढता येतो. त्यासाठी लागणारी माहिती गाडीच्या दारावर आणि टायरच्या अंगावर छापलेली असते. उरतं ते पाच मिनिटांचं गणित.

सुरुवात दारापासून करावी. ड्रायव्हरचं दार उघडलं की खांबावर, काही गाड्यांत पेट्रोलच्या झाकणाच्या आत, एक स्टिकर असतो. पुढच्या चाकांत किती हवा, मागच्या चाकांत किती, गाडी पाच माणसांनी आणि सामानानं भरली तर किती, हे त्यावर असतं. हे आकडे थंड टायरचे असतात; म्हणजे गाडी निदान तीन तास उभी असावी किंवा त्यानंतर फार तर दोन-तीन किलोमीटर चाललेली असावी. आकडा बहुतेकांना दिसतो. त्याच्या शेजारी छापलेला टायरचा साइज मात्र फारसा कुणी वाचत नाही. तो आकडा त्या साइजचा असतो, गाडीचा नव्हे. साइज बदलला की स्टिकर खोटा पडत नाही, पण त्याचं काम बदलतं. आतापर्यंत तो उत्तर होता. आता तो गणितातली पहिली ओळ होतो.

कारण साधं आहे. गाडीचं वजन टायरचं रबर पेलत नाही, आत कोंडलेली हवा पेलते. रबर, कापडी दोरे आणि पोलादी पट्टे हे त्या हवेला धरून ठेवणारं भांडं. भरलेल्या छोट्या गाडीच्या पुढच्या एका चाकावर पावणेचारशे किलोच्या आसपास भार येतो. आत ३३ पीएसआय, म्हणजे चौरस सेंटिमीटरला सुमारे २.३ किलो दाब असेल, तर त्या भाराला तोलून धरायला जमिनीवर साधारण १६० चौरस सेंटिमीटर टायर टेकावा लागतो. टपालखात्याच्या पोस्टकार्डाहून थोडाच मोठा तुकडा. हवा कमी झाली की हा तुकडा वाढतो, टायरची बाजू जास्त वाकते आणि प्रत्येक फेऱ्यात ती वाकून पुन्हा सरळ होताना रबर तापतं. हवेच्या आकड्याचा सगळा प्रश्न या वाकण्याचा आणि तापण्याचा आहे.

टायरच्या बाजूवर १८५/६५ आर १५ ८८ एच असं काहीतरी लिहिलेलं असतं. १८५ ही मिलिमीटरमधली रुंदी. ६५ म्हणजे बाजूची उंची रुंदीच्या ६५ टक्के. आर म्हणजे रेडियल, १५ हा रिमचा इंचातला व्यास. दुकानात बोलणं बहुधा इथंच संपतं. हवेच्या दृष्टीनं महत्त्वाचा आहे तो पुढचा ८८. हा भारांक. त्याचा एक जागतिक तक्ता आहे: ८४ म्हणजे ५०० किलो, ८७ म्हणजे ५४५, ८८ म्हणजे ५६०, ९१ म्हणजे ६१५. शेवटचं अक्षर वेगाचं. एस म्हणजे ताशी १८० किलोमीटरपर्यंत, एच म्हणजे २१०.

आता इथं एक गोष्ट नीट धरून ठेवायला हवी. ८८ भारांकाचा टायर ५६० किलो पेलतो, पण कुठल्याही हवेवर नाही. युरोपातली टायर-रिम उत्पादकांची संस्था ईटीआरटीओ जे मानक ठरवते, त्यानुसार साध्या टायरसाठी ही क्षमता २.५ बारला, म्हणजे सुमारे ३६ पीएसआयला मोजतात. ज्या टायरवर 'एक्स्ट्रा लोड' किंवा 'एक्सएल' लिहिलेलं असतं, त्याची क्षमता २.९ बारला, म्हणजे ४२ पीएसआयला. भारतात इंडियन टायर टेक्निकल अ‍ॅडव्हायझरी कमिटी अशाच धर्तीवर मानकांची पुस्तिका काढते आणि प्रवासी गाड्यांच्या टायरना आयएस १५६३३ हे मानक लागू आहे. या हवेपेक्षा कमी भरली तर क्षमताही जवळपास त्याच प्रमाणात उतरते. हवा आठ टक्क्यांनी कमी, तर भार पेलण्याची ताकद साधारण साडेसहा टक्क्यांनी कमी.

एवढ्यावर उदाहरण सोडवता येतं. २०१८ साली आलेली मारुती स्विफ्ट घेऊ, कारण महाराष्ट्रात चाकं बदललेल्या गाड्यांत ती हमखास दिसते. कंपनीनं तिला खालच्या व्हेरियंटमध्ये १६५/८० आर १४ आणि वरच्यात १८५/६५ आर १५ असे दोन साइज दिले होते. दोन्हींचा बाहेरचा व्यास जवळजवळ सारखा, ६२० मिलिमीटरच्या आसपास. मोठी चाकं बसवणारे बहुधा १९५/५५ आर १६ किंवा २०५/४५ आर १७ निवडतात, तेही याच व्यासाच्या जवळचे. त्यामुळे स्पीडोमीटर फारसा चुकत नाही आणि दुकानदार सांगतो, "साइज परफेक्ट बसतो." व्यासापुरतं त्याचं म्हणणं खरं आहे.

समजा, गाडीच्या दारावर १८५/६५ आर १५ साठी ३३ पीएसआय लिहिलेलं आहे. ८८ भारांकाच्या त्या टायरची ३३ वर क्षमता साधारण ५२४ किलो होते. म्हणजे गाडी बनवणाऱ्यानं प्रत्येक चाकाला एवढी ताकद देऊन ठेवली आहे. नव्या टायरनंही निदान तेवढीच द्यायला हवी. १९५/५५ आर १६ चा साधा टायर ८७ भारांकाचा असतो. त्याला ५२४ किलो पेलायला साडेचौतीस पीएसआय लागतात. पस्तीस भरले की झालं. २०५/४५ आर १७ एक्सएल हा ८८ भारांकाचा येतो, कागदावर मूळ टायरइतकाच. पण त्याचे ५६० किलो ४२ पीएसआयवरचे आहेत. त्याला ५२४ किलोसाठी जवळजवळ ३९ पीएसआय हवेत. आणि याच साइजचा साधा टायर, एक्सएल नसलेला, ८४ भारांकाचा असतो. त्याची कमाल क्षमताच ५०० किलो. कितीही हवा भरली तरी तो मूळ टायरची बरोबरी करू शकत नाही. तो बसवूच नये.

दुकानातल्या बत्तीसचं मोल आता कळतं. सतरा इंची एक्सएल टायरमध्ये बत्तीस भरणं म्हणजे त्याच्या गरजेपेक्षा सात पीएसआय कमी भरणं. टायर नवा आहे, दिसायला तजेलदार आहे, गाडी खड्ड्यावरून जरा मऊही जाते, म्हणून मालक खूश असतो. बाजू उंचीनं कमी असल्यामुळे हवा कमी आहे हे डोळ्यांनाही दिसत नाही. पासष्ट टक्क्यांच्या टायरची बाजू १२० मिलिमीटरची, ती दबली की कळते. पंचेचाळीस टक्क्यांची ९२ मिलिमीटरची बाजू दबलेलीही ताठ वाटते.

या उदाहरणातली आणखी एक बाब सांगण्याजोगी आहे. १९५/५५ आर १६ हाच टायर एक्सएल प्रकारात ९१ भारांकाचा मिळतो. त्याला किती हवा लागते हे काढलं तर उत्तर पुन्हा साडेचौतीसच्या आसपासच येतं. 'एक्स्ट्रा लोड' लिहिलंय म्हणून जास्त हवा भरलीच पाहिजे असं नाही, आणि ते लिहिलंय म्हणून टायर कमी हवेवर जास्त वजन पेलेल असंही नाही. तो जास्त हवा सोसू शकतो, आणि ती भरली तर जास्त वजन पेलतो.

इथं एखादा चिकित्सक वाचक विचारेल की मूळ टायरशी बरोबरी कशाला? गाडी काट्यावर नेऊन प्रत्येक चाकावरचा खरा भार काढावा आणि तेवढ्यापुरती हवा भरावी. ही वाट तर्कशुद्ध दिसते आणि धोक्याची आहे. पावणेचारशे किलोसाठी ८८ भारांकाच्या टायरला तक्त्याप्रमाणे बावीस पीएसआय पुरतात. पण गाडी बनवणारा दारावर बावीस लिहीत नाही. ब्रेक दाबल्यावर पुढे झुकणारं वजन, वळणावर बाहेरच्या चाकावर येणारा भार, वेग, खड्डे, उन्हाळा, महिनाभर हवा न तपासणारा मालक आणि इंधनाचा खप, हे सगळं धरून तो वरची राखीव ताकद ठेवतो. नव्या टायरचा आकडा काढताना ही राखीव ताकद जशीच्या तशी पुढे न्यायची असते, म्हणून बरोबरी मूळ टायरच्या क्षमतेशी करायची, गाडीच्या वजनाशी नाही.

राखीव ताकद कमी ठेवली की काय होतं, याचा धडा अमेरिकेनं फार मोठ्या किमतीला घेतला. फोर्ड एक्सप्लोरर ही १९९० साली आलेली, तिथं प्रचंड खपलेली गाडी. तिच्या पंधरा इंची फायरस्टोन टायरसाठी फोर्डनं २६ पीएसआय हवा सुचवली होती. एवढ्या कमी हवेनं गाडी मऊ चालायची आणि उलटण्याची प्रवृत्तीही आटोक्यात राहील असा हिशेब होता. तक्त्यात ते बसत होतं. पण त्या हवेवर टायरकडे फारशी शिल्लक उरत नव्हती. मालकाच्या दुर्लक्षानं २६ चे २० झाले, गाडी भरली, टेक्सासचा किंवा ॲरिझोनाचा उन्हाळा आणि लांबचा सरळ रस्ता आला की टायर तापायचे आणि त्यांच्या नक्षीखालचा पट्टा सुटून यायचा. ९ ऑगस्ट २००० रोजी फायरस्टोननं सुमारे ६५ लाख टायर परत मागवले. अमेरिकेत या अपघातांशी जोडले गेलेले मृत्यू अडीचशेहून अधिक होते. टायरच्या बांधणीतच दोष होता असं फोर्ड म्हणत राहिली. फायरस्टोननं गाडीच्या रचनेकडे आणि त्या २६ कडे बोट दाखवलं. बांधणीचा दोष तपासात समोर आला, पण सप्टेंबर २००० मध्ये फोर्डनंही आपला सल्ला बदलून ३० पीएसआय केला. पुढच्या वर्षी या दोन कंपन्यांचं जवळजवळ शंभर वर्षांचं नातं तुटलं.

त्याआधीच, नोव्हेंबर २००० मध्ये, अमेरिकेत वाहनसुरक्षेचा ट्रेड (टीआरईएडी) अ‍ॅक्ट मंजूर झाला. हवा उतरली की डॅशबोर्डवर दिवा लावणारी टीपीएमएस यंत्रणा तिथल्या प्रत्येक नव्या मोटारीत सक्तीची झाली ती या कायद्यातून.

टीपीएमएसबद्दल आपल्याकडे मोठा विश्वास आहे, आणि चाकं बदलणाऱ्यांनी तो जरा तपासून घ्यायला हवा. अमेरिकी नियमात दिवा लागण्याची मर्यादा दारावरच्या आकड्यापेक्षा २५ टक्के कमी अशी आहे, आणि यंत्रणेत साठवलेला आकडा मूळ टायरचा असतो. ३३ च्या हिशेबानं दिवा पंचविसाला लागेल. पण सतरा इंची टायरला गरज ३९ ची असेल, तर पंचवीस म्हणजे त्याच्या गरजेहून ३६ टक्के कमी. दिवा लागेपर्यंत टायर आतून खराब झालेला असू शकतो. ज्या गाड्यांत चाकांच्या फिरण्याच्या फरकावरून हवा ओळखतात, तिथं नवी हवा भरल्यावर रीसेटचं बटण दाबावंच लागतं. नाहीतर यंत्रणा जुन्याच मापानं पाहत राहते. भारतात जुलै २०२० च्या अधिसूचनेनंतर टीपीएमएस आणि टायर दुरुस्तीचा किट असलेल्या मोटारींना स्टेपनीशिवाय रस्त्यावर यायची मुभा मिळाली. अशा गाड्यांत त्या दिव्यावर आणखीच भिस्त असते.

महाराष्ट्रात या विषयाची खरी परीक्षा समृद्धी महामार्गावर होते. ७०१ किलोमीटरच्या या रस्त्याचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला आणि शेवटचा इगतपुरी ते आमणे ५ जून २०२५ रोजी. मोटारींना ताशी १२० किलोमीटरची मर्यादा, पृष्ठभाग काँक्रीटचा, आणि विदर्भ-मराठवाड्याचा मे महिना. पहिल्या काही महिन्यांतल्या अपघातांनंतर परिवहन विभागाच्या पथकांनी प्रवेशाच्या ठिकाणी टायर तपासायला सुरुवात केली आणि गुळगुळीत टायरच्या गाड्या माघारी पाठवल्या. ते योग्यच झालं. पण टायरची नक्षी डोळ्यांनी दिसते. आतली हवा गेज लावल्याशिवाय कळत नाही.

१२० च्या वेगानं स्विफ्टच्या आकाराचं चाक तासाला एकसष्ट हजारांहून अधिक फेरे घेतं. बाजूचा प्रत्येक भाग तितक्याच वेळा दबतो आणि उघडतो. शहरात चाळीसच्या वेगानं, सिग्नलला थांबत, याच टायरला कमी हवा निभावून नेता येते. समृद्धीवर दोन तास न थांबता चालल्यावर ती उसंत मिळत नाही.

आणि इथंच आपल्याकडचा सर्वांत खोल रुजलेला, सर्वांत घातक समज आडवा येतो: उन्हाळ्यात हवा कमी ठेवा, नाहीतर टायर फुटतो. वडीलधारी माणसं हे काळजीनं सांगतात, पंपावरचा माणूसही सांगतो. हिशेब करून पाहावा. सकाळी ३० अंशांना ३३ पीएसआय भरलेली हवा धावून ७० अंशांपर्यंत तापली, तर दाब ३९ च्या जरासा वर जातो. सहा पीएसआयची वाढ. मोटारीचा धडधाकट टायर याच्या कितीतरी पट दाब सोसण्यासाठी बांधलेला असतो. टायर फुटतो तो बहुतेक वेळा हवा वाढल्यानं नाही, तर कमी हवेवर वाकून, तापून, आतले थर सुटल्यानं. जो माणूस उन्हाळा म्हणून चार पीएसआय कमी भरून निघतो, तो टायरला अधिक तापवतो. वाटेत थांबून गरम टायरमधली 'वाढलेली' हवा काढणं हेही त्याच जातीचं. गाडी थंड झाल्यावर तो टायर सरळ कमी हवेचा निघतो.

तापमानाचा उलटा परिणाम हिवाळ्यात दिसतो. बाहेर दहा अंशांचा फरक पडला की दाब दीड पीएसआयनं बदलतो. ऑक्टोबरच्या उकाड्यात भरलेली हवा नाशिकच्या किंवा महाबळेश्वरच्या जानेवारीतल्या पहाटे दोन-तीननं कमी निघते, टायरला भोक नसतानाही.

नायट्रोजनबद्दल एवढंच सांगावं की साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो. शुद्ध नायट्रोजन कोरडा असतो आणि रबरातून थोडा हळू झिरपतो, हा त्याचा फायदा. गरम झाल्यावर त्याचा दाबही हवेइतकाच वाढतो. चुकीचा आकडा नायट्रोजननं भरला तरी तो चुकीचाच.

लहान गाड्यांना मोठ्या रिम, ही झाली एक दिशा. दुसरी दिशा महिंद्रा थार, स्कॉर्पिओ, मारुती जिम्नी घेणाऱ्यांची. त्यांना रिम नव्हे, टायरच मोठा, जाडजूड हवा असतो. इथं हवेचा हिशेब आणखी वेगळा होतो, कारण बसवला जाणारा टायर अनेकदा मोटारीच्या जातीचा नसून हलक्या ट्रकच्या जातीचा असतो. त्याच्या साइजच्या आधी 'एलटी' लिहिलेलं असतं. २४५/७५ आर १६ या साइजचा साधा मोटारीचा टायर ३५ पीएसआयवर हजार किलोच्या घरात भार पेलतो. त्याच मापाचा एलटी टायर ३५ वर पावणेआठशे किलोच्या आसपास. हजार किलोसाठी त्याला ५० पीएसआय लागतात, आणि त्याच्या सर्वांत दणकट प्रकाराची मर्यादा ८० पर्यंत जाते. जाड टायर म्हणजे भक्कम, मग कमी हवेवरही चालेल, असं मन सांगतं. प्रत्यक्षात जाड बाजू वाकताना जास्त तापते आणि तिला जास्त हवा हवी असते. एवढी हवा भरायची तर व्हॉल्व्हही पाहावा लागतो. मोटारींना लावतात तो साधा रबरी व्हॉल्व्ह ६५ पीएसआयपर्यंतच्याच कामाचा असतो, त्यापुढे धातूचा हवा.

याच मंडळींना कमी हवेची कलाही ठाऊक असते. गोव्यात २०१४ पासून झालेल्या रेनफॉरेस्ट चॅलेंजसारख्या चिखलाच्या शर्यतींत किंवा वाळूत टायर पंधरा पीएसआयच्या आसपास आणतात, जमिनीवर टेकणारा तुकडा लांब होतो आणि गाडी रुतत नाही. तिथं वेग ताशी दहा-वीसचा असतो, म्हणून ते चालतं. डांबरावर परत येण्याआधी हवा भरायला सोबत कॉम्प्रेसर असतोच. हौशी चालक पहिला अर्धा भाग शिकतात आणि दुसरा विसरतात, तेव्हा परतीच्या वाटेवर टायर जातो.

गणितानं काढलेला आकडा रस्त्यावर पडताळून घ्यावा. जुन्या मेकॅनिकांची खडूची रीत अजून काही ठिकाणी वापरतात: टायरच्या नक्षीवर आडवी जाड रेघ ओढायची, सरळ सपाट रस्त्यावर गाडी थोडी चालवायची आणि खडू कुठं पुसला ते पाहायचं. मधला आधी पुसला तर हवा जास्त, दोन्ही कडा आधी पुसल्या तर कमी. रेडियलच्या आधीच्या क्रॉस-प्लाय टायरच्या काळात ही रीत चांगलीच उपयोगी होती आणि चिखलाच्या मोठ्या टायरना आजही कामी येते. रस्त्यावरच्या रेडियल टायरवर ती फसवते. त्यांच्या पोलादी पट्ट्यांमुळे नक्षी सपाटच राहते, आणि हवा बरीच कमी असतानाही खडू सगळीकडे सारखा पुसला जातो. त्यापेक्षा गरम-थंडाचा फरक बरा. सकाळी थंड टायरची हवा मोजायची, हायवेवर अर्धा-पाऊण तास चालवून लगेच पुन्हा मोजायची. मोटारीच्या टायरमध्ये चार पीएसआयच्या आसपास वाढ दिसली तर ठीक. सहा-सात दिसली तर टायर जरुरीपेक्षा जास्त वाकतोय, म्हणजे थंड असतानाची हवा वाढवायला हवी. ही चालकांची अनुभवातून आलेली रीत आहे, तक्त्याची जागा ती घेत नाही. पण तक्त्यात चूक झाली असेल तर ती दाखवून देते. दोन्ही वेळा गेज मात्र तोच हवा. दोन पंपांवर एकाच टायरचे आकडे वेगळे येणं अजिबात नवं नाही.

वरची मर्यादाही आहे. टायरच्या बाजूवर बारीक अक्षरांत कमाल दाब लिहिलेला असतो, ४४ किंवा ५१ पीएसआय. काहीजण तोच भरायचा आकडा समजतात. ती थंड टायरमध्ये हवा भरण्याची वरची हद्द आहे, गाडीला लागणारी हवा नाही. गरजेपेक्षा पाच-सात पीएसआय जास्त भरली की जमिनीवर टेकणारा तुकडा लहान होतो, ओल्या रस्त्यावर ब्रेक लांबतो, नक्षी मधून झिजते. आणि आपल्या रस्त्यांवर खड्ड्याचा मार थेट रिमवर जातो. लो प्रोफाइल टायर दोन्ही बाजूंनी कात्रीत असतो. हवा कमी असेल तर खड्ड्याची कड बाजूच्या थराला रिमच्या ओठावर चेपते, आतले दोरे तुटतात आणि टायरला फुगा येतो. फुगा आलेला टायर दुरुस्त होत नाही, तो बदलावाच लागतो. हवा फार जास्त असेल तर अलॉयला तडा जातो. ९२ मिलिमीटरच्या बाजूवर ३९ चा आकडा दोन पीएसआयच्या आत राखावा लागतो; १२० मिलिमीटरची बाजू त्याहून अधिक माफ करते. महाराष्ट्रातला पावसाळा पाहता सतरा इंचांचा हट्ट स्विफ्टच्या आकाराच्या गाडीला महागात पडतो, हे या लेखाचं स्पष्ट मत आहे.

मागच्या डिकीत नंतर बसवलेला सीएनजीचा सिलिंडर हा आणखी एक भार, जो दारावरच्या स्टिकरला माहीत नसतो. पुण्या-मुंबईत अशा गाड्या मोजता येणार नाहीत इतक्या आहेत. सिलिंडर आणि त्याचा सांगाडा मिळून एक जादा माणूस कायम मागे बसलेला असतो. अशा गाडीला मागच्या चाकांत स्टिकरवरचा 'पूर्ण भार'वाला आकडा रोजच भरावा, आणि नवा साइज असेल तर बरोबरीचं गणित त्याच आकड्यावरून करावं.

गणितातून उत्तर कमी येण्याचीही शक्यता असते. चौदा इंची ८५ भारांकाचा टायर काढून पंधरा इंची ८८ बसवला, तर तक्ता सांगतो की ३३ ऐवजी ३० पुरतील. तरी दारावरच्या आकड्याखाली उतरू नये. ताकदीचा हिशेब जुळला तरी स्टिअरिंग आणि ब्रेक यांचा मेळ कंपनीनं त्या हवेवर घातलेला असतो.

कायद्याची बाजू थोडक्यात. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ गाडीत मूळ नोंदीशी विसंगत बदल करायला मनाई करतं, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालणार नाहीत असं सांगितलं. म्हणून सर्वांत बिनघोर वाट म्हणजे त्याच मॉडेलच्या वरच्या व्हेरियंटला कंपनी जो साइज देते तोच घेणं. हवेचा प्रश्नही तिथं आपोआप सुटतो, कारण त्या व्हेरियंटच्या दारावर त्या साइजचा आकडा छापलेला असतो. जर्मनीत गाडीच्या मंजूर यादीबाहेरची चाकं बसवली तर तपासणी संस्थेकडून ती मान्य करून घ्यावी लागतात. भारांक कमी असेल तर मंजुरी मिळत नाही. आपल्याकडे चाक विकणाऱ्यावर असं काहीच बंधन नाही.

पण बंधनाची वाट न पाहताही एक गोष्ट उद्यापासून करता येईल. चाकं बदलल्यावर प्रत्येक चांगलं दुकान अलाइनमेंट करतं आणि यंत्रातून एक कागद छापून गिऱ्हाइकाच्या हातात देतं. त्यावर कॅम्बर, कॅस्टर, टो यांचे आधीचे आणि नंतरचे आकडे असतात, लाल-हिरव्या रंगांत. त्याच कागदावर नव्या टायरचा साइज, भारांक, साधा की एक्सएल, आणि पुढच्या-मागच्या चाकांची थंड हवा अशा ओळी यायला हव्यात. दारावर जुन्या स्टिकरशेजारी लावायला एक छोटा स्टिकरही. स्टेपनी जुन्याच साइजची राहिली असेल तर तिचा आकडा वेगळा लिहिलेला. तक्ते टायर कंपन्यांकडे आहेत, कंपन्यांचे प्रतिनिधी दर महिन्याला या दुकानांत येतात, आणि दुकानातला संगणक हे गणित क्षणात करू शकतो. पन्नास-साठ हजारांचा माल घेणाऱ्या गिऱ्हाइकानं पैसे देण्याआधी तो आकडा लिहून मागावा, आणि 'चारीला बत्तीस' असं उत्तर आलं तर भारांकाचा तक्ता दाखवायला सांगावं.